टेंभाळ्याच्या पट्टीवरचं फाटक

बदलापूर गावातल्या बौद्धवस्तीत ज्याच्या नावाची पाटी ऑफिसच्या दारावर लागली, असा पहिला माणूस म्हणजे भगवान सोनावळे. काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : बी. आर. सोनावळे, स्टेशन मॅनेजर. पाटी लागल्यावर आलेल्या पहिल्याच रविवारी त्याने वडिलांना, रामभाऊंना, रिक्षात घालून टेंभाळ्याला नेलं. म्हाताऱ्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, मुलाच्या खुर्चीत बसून पाहिलं आणि मग बाहेर ओट्यावर येऊन समोरच्या धावपट्टीकडे बघत उभा राहिला.

"हिची खडी आम्ही वाहिलीय," तो म्हणाला. "गोऱ्यांच्या लढाईच्या टायमाला. मी बारका होतो, तरी घमेलं घ्यायचो डोक्यावर. त्या अंगाची सगळी खाचरं ठाकरांची होती. उभ्या पिकातनं उठवलं त्यांना."

"आता साहेब आपलाच माणूस आहे, बाबा," भगवान हसत म्हणाला.

रामभाऊ हसला नाही. "बरं झालं," एवढंच बोलला आणि चहा न घेताच रिक्षाकडे निघाला.

लढाई संपल्यावर टेंभाळ्याची ती पट्टी ओस पडली होती. डांबराला भेगा गेल्या, भेगांतून गवत आलं. पावसाळा सरला की गावचे लोक तिच्यावर भात झोडत, मिरच्या वाळत घालत. पलीकडे डोंगराच्या पायथ्याला सरकलेली ठाकरांची करवंदवाडी होती. वाडीला दवाखाना, बाजार, रेशन, काहीही हवं असलं तरी पट्टी आडवी ओलांडून बदलापूरच्या रस्त्याला यावं लागे. ही पायवाट इतकी वहिवाटीची होती की डांबरावरही तिचा पांढुरका पट्टा उमटला होता.

नव्वद सालानंतर खाजगी कंपन्यांना छोटी विमानं उडवायची मुभा मिळाली, तेव्हा मुंबईच्या ‘मेघना एअरलिंक’ नावाच्या कंपनीने ही पट्टी भाड्याने घेतली. हिशेब सरळ होता. उल्हासनगरच्या कापडवाल्यांना सुरतेला पळावं लागतं, अंबरनाथच्या कारखानदारांना इंदूरला पळावं लागतं, आणि दोघांचाही निम्मा दिवस सांताक्रूझचा विमानतळ गाठण्यातच जातो. त्यांच्या दारातून नऊ जणांचं विमान उडालं तर कोण नाही म्हणेल?

भगवान तेव्हा सांताक्रूझलाच एका दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर होता. बी.कॉम. झाल्यापासून तेच काम : बॅगांना चिठ्ठ्या लावायच्या, विमान लेट झालं की पॅसेंजरांच्या शिव्या खायच्या आणि हसतमुख राहायचं. ‘मेघना’चे डायरेक्टर जयदेव केसकर यांनी मुलाखतीत त्याला विमानाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

"विमानातलं कळणारी माणसं मला ढिगानं मिळतात," ते म्हणाले. "मला माणसांतलं कळणारा पाहिजे. तुम्ही तिथलेच. गावकरी, व्यापारी, कारखानदार, सरकारी लोक, या सगळ्यांना धरून ठेवायचं, हे तुमचं काम. जमेल?"

"जमेल सर," भगवान म्हणाला.

हे बोलणं त्याला इतकं आवडलं की घरी त्याने ते बायकोला दोनतीनदा ऐकवलं. गंगू अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून यायचे. पाय चोळत ती म्हणाली, "सगळ्यांना धरायचं म्हणता. आणि त्यांच्यातच जुंपली, तर ते कोणाला धरणार?"

"तशी वेळच येऊ द्यायची नाही. त्याचाच पगार देतायत."

पहिल्याच महिन्यात तो करवंदवाडीत गेला. चांगो नावाचा म्हातारा ठाकर वाडीचा जाणता होता. लहानपणी तो आणि रामभाऊ एकत्र गुरं वळायचे, त्यामुळे भगवान त्याला काका म्हणायचा. ऐनाच्या झाडाखाली सगळी वाडी जमली. भगवानने विमान कसं येणार, कुठे उतरणार, धावतं विमान किती धोक्याचं, हे मोकळेपणी सांगितलं.

"म्हंजी आमची वाट बंद," मागून कोणीतरी म्हणालं.

"वाट बंद नाही होणार. पट्टीच्या दोन्ही कडांना कुंपण होईल, पण तुमच्या वाटेवर समोरासमोर फाटकं ठेवू. विमान यायच्या वेळेपुरती बंद, एरवी दिवसरात्र उघडी. आणि फाटकावर माणूस वाडीतलाच नेमायचा. मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय."

चांगोने विडी विझवली. "भगवान, तुझी कंपनी मला ठावकी नाय. तो साहेब ठावका नाय. मी रामभाऊला वळखतो. तू त्याचा पोर. तू म्हनतंस तर हाय."

"माझा शब्द आहे, काका."

चांगोचा धाकटा मुलगा देऊ फाटकवाला म्हणून लागला. खाकी शर्ट, शिटी, लाल झेंडी. वाडीतली चंद्री नावाची म्हातारी त्याची नक्कल करून दाखवी आणि पोरं हसून लोळत. त्याच वैशाखात देऊचं सरूशी लग्न झालं. भगवान सहकुटुंब गेला. सरू चणीने लहान होती, पण आवाज खणखणीत. लग्नातल्या गाण्यात तिने नवऱ्याच्या शिटीवर एक ओळ रचून घातली, तेव्हा देऊ लाजून मांडवाबाहेर पळाला होता.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर विमान उडालं. उल्हासनगरच्या कॅम्प एक या वस्तीतले कापडाचे मोठे व्यापारी नोतनदास पहिल्या फेरीला होते. त्यांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, पायलटला पेढा भरवला आणि भगवानला मिठी मारली. "सोनावळे साईं, आपने तो कमाल कर दिया! आता आम्ही सकाळी सुरत, दुपारी कॅम्पमध्ये!" गावकऱ्यांनी लेझीम केलं. करवंदवाडीची माणसं फाटकाशी रांगेने उभी होती आणि देऊ छाती काढून झेंडी दाखवत होता.

ते पहिलं वर्ष भगवानच्या आयुष्यातलं सगळ्यात धावपळीचं आणि सगळ्यात सुखाचं. सकाळी विमान गेलं की तो स्कूटरवर निघायचा. मोरिवलीजवळच्या कारखान्यांत पर्चेस मॅनेजरांच्या केबिनबाहेर बसायचा. तिथून उल्हासनगरला. एका दुकानात म्हणायचे, विमान पहाटे सोडा. शेजारच्या दुकानात म्हणायचे, पहाटे कोण उठतं? नगरपालिकेतल्या कोणाचा मेहुणा फुकट तिकीट मागायचा, त्याला नाराज न करता चहा पाजून घालवायचं. टेंभाळ्याच्या सरपंचाला पट्टीवरचं गवत गावाला कापू द्यायचं, आणि गवत कापणारे विमानाच्या वेळी आत नसतील हे बघायचं. पायलट म्हणायचे कुत्री आवरा. सगळ्यांना हो म्हणायचं आणि संध्याकाळी बसून त्यातल्या कशाकशाला खरंच हो म्हणता येईल याचा विचार करायचा. यात तो वाकबगार झाला. लोक म्हणायचे, सोनावळे आहे ना, तो बघेल.

मग पावसाळा आला आणि डोंगरावर ढग असे बसले की आठवड्यात निम्म्या फेऱ्या रद्द. सुरतेला जायला निघालेले व्यापारी टेंभाळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तासन्तास ताटकळायचे आणि शेवटी चरफडत स्टेशनकडे वळायचे. ज्याचं एकदा असं झालं तो परत येत नसे. अंबरनाथला एका मोठ्या कारखान्यात टाळेबंदी झाली आणि इंदूरची फेरी जवळजवळ रिकामी उडू लागली. केसकरसाहेब आधी महिन्यातून एकदा फोन करायचे, आता रोज करू लागले.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात एक म्हैस पट्टीवर आली. टेंभाळ्यातली कोणाची तरी म्हैस कुंपणाच्या मोडक्या भागातून शिरली होती, करवंदवाडीच्या फाटकाशी तिचा काही संबंध नव्हता. विमान अगदी खाली आलं असताना पायलटला ती दिसली. त्याने विमान पुन्हा वर घेतलं, घिरटी घालून उतरवलं आणि उतरल्या उतरल्या भगवानच्या अंगावर धावून गेला. पुढच्या आठवड्यात तपासणीला विमानखात्याचे अधिकारी आले. त्यांनी कुंपण पाहिलं, फाटकं पाहिली, पट्टी ओलांडून जाणाऱ्या बायका पाहिल्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "धावपट्टी आहे की बाजाररस्ता?"

दुसऱ्याच दिवशी केसकरसाहेब स्वतः आले.

"कुंपण नवं करतोय. उंच जाळी, वर काटेरी तार. आणि ती फाटकं बंद, कायमची."

"सर, वाडीला दुसरी वाट नाही."

"उत्तरेच्या टोकाला वळसा घालून जाता येतं, मी नकाशा पाहिलाय."

"तिथे ओढा आहे सर. पावसात माणूस उतरत नाही त्यात. आणि मी शब्द दिलाय त्यांना."

केसकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सोनावळे, लायसन्स गेलं तर कंपनी जाईल. मग तुमचा शब्द कुठे ठेवणार? तुम्ही त्यांच्यातले आहात, तुम्ही सांगा, ऐकतील. दोन महिने म्हणून सांगा. पुढचं पुढे."

"निदान चावी देऊकडे राहू दे. अडीअडचणीला."

"त्याच्याकडे चावी म्हणजे फाटक उघडंच. एक चावी तुमच्याकडे, एक हेड ऑफिसला. तुमच्या जबाबदारीवर."

त्याच्या डोळ्यांपुढे पाटी आली, मुलीचं कॉलेज आलं, गंगूचे सुजलेले पाय आले. त्याने मान हलवली.

ऐनाच्या झाडाखाली त्याने पुन्हा वाडी जमवली. या वेळी तो खाली बसला नाही, उभ्यानेच बोलला. "दोन महिन्यांची गोष्ट आहे. तपासणी झाली की फाटक उघडतो."

"दोन म्हयनं म्हंजी पावसाळा," चांगो म्हणाला. "वढ्याला पूर आला तं?"

"मी आहे ना, काका. अडचण आली की मला निरोप द्या, मी स्वतः येऊन उघडीन."

चांगोने हातातली विडी कानामागे खोवली. मग म्हणाला, "बरं." सरू झाडामागे उभी होती. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं मूल राहिलं नव्हतं, आता हे दुसरं. भगवानने तिला पाहिलं आणि नजर वळवून स्कूटरकडे चालू लागला. परतताना आपण खोटं बोललो हे त्याला कळत होतं. आजवर तो सगळ्यांशी थोडं थोडं खोटं बोलत आला होता. व्यापाऱ्यांना म्हणायचा विमान वेळेवर सुटेल, कंपनीला म्हणायचा व्यापारी टिकतील. ते खोटं हळूहळू निभावून नेता यायचं. हेही नेऊ, असं त्याने स्वतःला बजावलं.

कुलूप लागलं. देऊ बंद फाटकाशी खाकी शर्ट घालून बसायचा. त्याला करायला काही काम उरलं नव्हतं. वाडीची माणसं त्याच्यासमोरून ओढ्याकडे वळसा घालून जायची आणि त्याच्याशी बोलायची नाहीत.

जुलैच्या शेवटी नोतनदासांनी आपल्या दुकानी व्यापाऱ्यांची बैठक बोलावली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ठरवलं होतं, आता विमान नको. ते सगळे सुटले तर ‘मेघना’चं टेंभाळ्यातलं दुकान बंद होणार हे उघड होतं. केसकरसाहेबांनी भगवानला सांगितलं, "काहीही करा, पण त्यांना धरून ठेवा." त्या दिवशी पाऊस इतका होता की फेरी सकाळीच रद्द झाली होती. विमान मुंबईतच उभं होतं. भगवान रेनकोट घालून उल्हासनगरला गेला. फाटकाची चावी नेहमीसारखी त्याच्या पँटच्या खिशात होती.

गादीवर लोड टेकून व्यापारी बसले होते. भगवानने सवलतीची योजना मांडली, पावसाळ्यानंतरच्या फेऱ्यांची हमी दिली. एकजण म्हणाला, "हमी तो पिछले साल भी दिया था." दुसरा म्हणाला, "रेल्वे कभी बादल देखके नहीं रुकती, साईं." सगळे हसले. भगवानही हसला. नोतनदास मात्र विचारात पडले होते. त्यांचं मन वळतंय असं भगवानला वाटलं. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला आणि दुकानाचा मुनीम दाराशी आला.

"सोनावळेसाहेब, तुमच्या पट्टीवरून फोन आहे. कोण बबन आहे. फाटक खोलायचं म्हणतो."

बबन ऑफिसात फोन आणि रेडिओ सांभाळायचा. सरळमार्गी, पण बोलताना चाचरायचा. फाटकावरून रोज काही ना काही तक्रार असायचीच. कधी सरपंच, कधी वाडीतल्या बायका. भगवानने नोतनदासांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नोतनदास काहीतरी बोलायला तोंड उघडत होते.

"सांगा, मीटिंगमध्ये आहे," भगवान म्हणाला. "आल्यावर बघतो."

मुनीम आत गेला. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला, तेव्हा मुनीमाने तो आतल्या आत घेतला आणि तोच निरोप परस्पर देऊन ठेवून दिला. नोतनदासांनी शेवटी मान डोलावली. "ठीक आहे. सोनावळे साईंसाठी अजून एक सीझन बघू." चहा आला, बिस्किटं आली. भगवानने दोन कप चहा घेतला. कितीतरी दिवसांनी तो इतका हलका झाला होता.

टेंभाळ्याला पोचला तेव्हा दुपार कलली होती. पाऊस थांबला होता पण आभाळ खालीच होतं. ऑफिसच्या ओट्यावर बबन डोकं धरून बसला होता. त्याने वर पाहिलं. मग पट्टीकडे नुसता हात केला.

पट्टीच्या मधोमध माणसं गोल करून बसली होती.

भगवान धावत गेला. नंतर कळलं ते असं. सरूला सकाळपासून कळा येत होत्या. मूल आडवं आलं होतं. वाडीची सुईण तानी म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि चौघांनी उचलली. फाटकाशी देऊ होताच. त्याने कुंपणावरून ओरडून बबनला फोन करायला लावला. बबनने केला. साहेब आल्यावर बघतो म्हणाले, असा निरोप आला. देऊने पुन्हा करायला लावला. पुन्हा तोच निरोप. मग ते ओढ्याकडे गेले. ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. दोघे उतरून पाहायला गेले, पाण्याने त्यांना ओढलं, दोर टाकून बाहेर काढले. ते झोळी घेऊन परत फाटकाशी आले. तेव्हा देऊने दगड घेतला. कुलूप लागलं त्या दिवशी कंपनीने त्याला ताकीद दिली होती की कुलपाला हात लावलास तर नोकरी तर जाईलच, वर पोलीसकेसही होईल. त्याने कुलूप फोडलं. दुसऱ्या फाटकापर्यंत पट्टी ओलांडायची होती. मधोमध आल्यावर सरू म्हणाली, मला खाली ठेवा. तिथेच डांबरावर ती गेली. मूलही आतल्या आत गेलं.

देऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. हातातून रक्त येत होतं, दगडाने बोटं फुटली होती. त्याने भगवानकडे पाहिलं.

"साहेब, आज इमान व्हतं का?" त्याने विचारलं.

भगवान त्याच्या फुटलेल्या बोटांकडे बघत होता.

"मी इचारतो, इमान यायाचं व्हतं का आज?"

"नाही," भगवान म्हणाला. "सकाळीच रद्द झालं होतं."

देऊने मान खाली घातली. कोणी रडत नव्हतं. चांगो बाजूला उकिडवा बसला होता, भिजलेलं पागोटं हातात घेऊन. तो भगवानला काही म्हणाला नाही. शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता, तर भगवानने मुकाट सोसलं असतं. म्हातारा उठला, मुलांना म्हणाला, "उचला," आणि त्यांनी झोळी पुन्हा वाडीकडे फिरवली.

पोलीस आले, पंचनामा झाला. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की चावी स्टेशन मॅनेजरकडे होती, अडचणीला फाटक उघडण्याची जबाबदारीही त्याचीच होती. ते खरंच होतं. भगवानने हो म्हटलं. पुढे काही झालं नाही. कोणी जाणूनबुजून केलं नव्हतं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

दहाव्या दिवशी केसकरसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. "फार वाईट झालं, सोनावळे. पण वाडीवाले मोर्चा काढणार असं ऐकतोय. तुम्ही जा, बोला त्यांच्याशी. तुमच्या शब्दाला मान आहे तिथे."

भगवान गेला. कंपनीने सांगितलं म्हणून गेला की स्वतःहून गेला असता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ऐनाच्या झाडाखाली कोणी जमलं नाही. चांगो आपल्या ओसरीवर होता. भगवान अंगणात उभा राहिला.

"काका, मला माफी मागायचीय."

"कोनाच्या बाजूनं आलास? कंपनीच्या का तुझ्या?"

भगवानने आपल्या चपलांकडे पाहिलं. चांगोने थोडं थांबून पाहिलं, आणि त्याला जे कळायचं ते कळलं.

"तुझा बाप गोऱ्यांची खडी वाहायचा, तवा आमी त्याला नाव नाय ठेवलं. पोटासाठी करत व्हता. तुलाबी नाय ठेवत. पन आता येऊ नकोस. पोरास्नी आवरनं मला व्हनार नाय."

आतून देऊच्या बोलण्याचा आवाज येत होता, कोणाशी ते कळत नव्हतं. चांगोने पाण्याचा तांब्या पुढे केला. वाडीत आलेल्या माणसाला पाण्यावाचून पाठवत नाहीत. भगवानने उभ्याने दोन घोट घेतले. मग तांब्या ओसरीच्या कडेला ठेवून तो निघाला.

मोर्चा निघाला. करवंदवाडी, टेंभाळे, आजूबाजूच्या वाड्या, सगळे आले. टेंभाळ्याच्या सरपंचाने जोरात भाषण केलं, म्हशीचा विषय त्यात आला नाही. कंपनीला हे एका अर्थी सोयीचंच झालं. विमान तोट्यात होतं. स्थानिक विरोधामुळे सेवा थांबवत आहोत, असं सांगून दिवाळीच्या आधीच त्यांनी गाशा गुंडाळला. पत्र्याची शेड काढून नेली, रेडिओ नेला, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावरून उतरवली. कुंपण आणि फाटकं मात्र तशीच राहिली, कारण ती उपटायला खर्च होता.

उल्हासनगरचे व्यापारी म्हणू लागले, सोनावळेने गावकऱ्यांना डोक्यावर बसवलं म्हणून विमान गेलं. टेंभाळ्यात म्हणत, सोनावळेने कंपनीला आमच्या डोक्यावर बसवलं. बदलापूरच्या वस्तीत लोक काही म्हणत नसत, पण विहारात तो येऊन बसला की बोलणं थोडं थांबायचं आणि मग दुसऱ्या विषयावर सुरू व्हायचं. एक दिवस त्याने स्वतःच जाणं सोडलं.

रामभाऊ त्या हिवाळ्यात आजारी पडला. शेवटच्या दिवसांत तो पोराशी सगळं बोलायचा, कौलांबद्दल, नातेवाइकांबद्दल, आंब्याच्या मोहराबद्दल. टेंभाळ्याचं नाव मात्र त्याने एकदाही काढलं नाही. भगवान वाट बघत राहिला की बाबा काहीतरी म्हणतील. म्हातारा गेला तेव्हा करवंदवाडीतून कोणी आलं नाही. गंगू दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. अंत्ययात्रा निघायची वेळ झाली तरी ती बघत होती.

सांताक्रूझची नोकरी परत मिळाली नाही, त्याच्या जागी कॉम्प्युटर शिकलेली पोरं आली होती. काही महिने तो घरी बसून राहिला. सकाळी अंघोळ करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खाटेवर बसायचा. गंगू कामावर जाताना विचारायची, "आज कुठे जाणार?" तो म्हणायचा, "बघतो." एकदा ती दारातून परत फिरली. चपला न काढताच त्याच्यासमोर येऊन बसली.

"तो फोन तुम्ही घेतला असता तरी तुम्ही वेळेत पोचला असता का?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग?"

"पोचलो असतो, नाहीतर नसतो. पण मी घेतला नाही, गंगू. तो नोतनदास तोंड उघडत होता म्हणून घेतला नाही. एका माणसाने हो म्हणावं म्हणून."

पहिल्या पाळीची गाडी चुकली होती. गंगू तशीच त्याच्याजवळ बसून राहिली.

शेवटी नोतनदासांनीच त्याला दुकानात ठेवून घेतलं. जुनी ओळख म्हणून. कॅम्प एकच्या त्या गल्लीत, ज्या गादीवर बैठक झाली होती त्याच गादीच्या बाजूला, तो किरकोळ गिऱ्हाइकांना कापड दाखवू लागला. आतल्या खोलीतला फोन वाजला की त्याचा हात मध्येच थांबायचा. नोतनदासांनी एकदा ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घंटी बारीक करून ठेवली.

नव्याण्णव सालच्या एका दुपारी देऊ दुकानात आला. अंगात मोरिवलीकडच्या कुठल्यातरी कारखान्याचा निळा शर्ट होता आणि बरोबर एक नवी बाई होती, तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. देऊचे केस कानांवर पिकले होते. भगवानच्या हातातला कापडाचा तागा तसाच राहिला. पळून जावं असं त्याला वाटलं, पण मागे भिंत होती.

"पोरीच्या झबल्याला कापड दाखवा," देऊ म्हणाला. आवाज साधा, गिऱ्हाइकाचा.

भगवानने कापडं काढली. फुलाफुलांची, चौकड्यांची. बाई निवडत होती. देऊ पुढ्यातल्या कापडाकडेच बघत होता, भगवानकडे नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती.

"देऊ," भगवान हळू आवाजात म्हणाला.

देऊने वर पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर भगवानला समजलं असतं. तिथे काहीच नव्हतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं त्याने बघितलं.

"हे पिवळं द्या," तो म्हणाला. "लवकर द्या, बस जाईल."

भगवानने पिवळं कापड मोजलं, कापलं आणि घडी घालून कागदात बांधलं. बाईने पुडकं घेतलं, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि तिघे गल्लीतल्या गर्दीत मिसळले. नोतनदासांनी विचारलं, "कौन था, साईं? पेहचान का था?"

"नाही," भगवान म्हणाला, आणि गादीवर पसरलेली बाकीची कापडं एकेक करून परत फळीवर लावू लागला.